सखूचं रडणं

बोरखेडीच्या हनुमान नाट्य मंडळात बाईचं काम निघालं की ते पुनाजी शिंप्याचंच, यात कधी वाद झाला नाही. आवाज बारीक, बांधा शेलाटा, अन् मिशी त्यानं उभ्या जन्मात ठेवली नव्हती. लग्नात सखूच्या मामानं भर मांडवात विचारलं होतं, "नवरदेवाले मिशी काऊन नाई जी?" तर वरातीतला एक जण म्हणाला, "मागच्या महिन्यात द्रौपदी होती, मामा. उगवाले टाइम लागते." सारा मांडव हसला. पदराआड सखूही हसली. तेव्हा तिचे हसायचे दिवस होते.

त्यांना एकच पोर झाली, गुलाब. सहा वर्षांची होती. त्रेपन्न सालच्या आषाढात तिला ताप भरला. नाल्याला पूर, आर्वीची वाट बंद, अन् चौथ्या दिवशी सकाळी पोर गेली. कुणाला बोल लावावा असं त्यात काही नव्हतं. बोल लावायचाच तर एका गोष्टीचा. नागपंचमीसाठी गुलाबनं बापाजवळ झंपर मागितलं होतं, लाल छिटाचं. पुनाजीनं गिऱ्हाइकांच्या कापडातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून ते कापलं, अर्धं शिवलं, अन् लोकांची घाई आहे म्हणून खुंटीला टांगून ठेवलं. एक बाही लागली होती, एक लागायची होती. तेच पोरीच्या अंगात घालून तिला मातीत ठेवलं.

आता आमच्या भागात बाई नुसती रडत नाही, बोलून रडते. भेटीला कुणी आलं की त्याच्या गळ्यात पडायचं अन् हेल धरून, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, मनातलं सारं सांगत रडायचं. हे कुणी शिकवत नाही अन् कुणी जुळवून ठेवत नाही. पोटात असेल ते तोंडात येतं. सखूच्या तोंडात आलं ते असं:

"उठ वं माह्या गुलाब, ऊन आंगनात आलं,
कोनाच्या भरोशावर मले ठेवलं वं माय!
साऱ्या गावाचे कपडे शिवले तुह्या बापानं,
तुह्या झंपराची एक बाही राह्यली वं माय!"

ऐकणाऱ्या बायांच्या काळजाचं पाणी झालं. आणि पुनाजी? तो भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांत टिपूस नाही. ती बाहीची ओळ सखू मुद्दाम म्हणत नव्हती, पण ती त्याच्याच कानावर पडावी असं तिला आतून वाटत होतं, हे खोटं कशाला बोला. तो ऐकत होता. अगदी नीट ऐकत होता. किती नीट, ते पुढं कळलं.

आठव्या दिवशी त्याची मशीन पुन्हा खडखडायला लागली.

सखू वाट पाहत राहिली. आज रडेल, उद्या रडेल. दिवाळी गेली, होळी गेली, पोरीचं वर्षश्राद्ध गेलं. तिला दुसरं काही नको होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, आपल्याजवळ बसून गुलाबच्या नावानं रडावं. दोघांचं पोर होतं, अन् दुःख मात्र तिनं एकटीनं वाहायचं, हे तिला सोसत नव्हतं. पण पुनाजी जेवायचा, झोपायचा, सदऱ्यांची काजं करायचा. रागावायचासुद्धा नाही मेला, की निदान भांडावं.

अशात गावच्या शाळेचे अण्णाजी गुरुजी, म्हणजे मंडळाचे नाटककार, त्यांनी नवं नाटक लिहिलं: 'माउलीचा टाहो अर्थात नियतीचा घाला'. एका दारुड्या पाटलाचं घर, त्यातली सोशिक बायको, अन् तिसऱ्या अंकात त्यांची लेक कमळी मरते. माउली अर्थातच पुनाजी. शाळा सुटली की शाळेतच तालमी व्हायच्या. अन् शाळेच्या भिंतीला भिंत लागून यशोदाबाईचं घर.

एक दिवस यशोदाबाई दळण घेऊन आली अन् म्हणाली, "सखू, तुह्या घरच्यानं तं कमालच केली वं काल. मले वाटलं तूच रडून राह्यली शाळेत. म्या हातचं काम टाकून पयत गेली."

"काय म्हनते तू?"

"तुहंच रडनं. उठ वं माह्या… सारं. बाहीसुद्धा."

सखूला आधी कळेचना. कळलं तेव्हा हातातलं सूप तिथंच ठेवून ती घरात गेली. पुनाजी सुईत दोरा ओवत बसला होता.

"अजी, खरं सांगा. माहं रडनं तुमी तिथं करून दाखवलं?"

"कोन म्हनते?"

"कोनी का म्हनंना. केलं का नाई?"

पुनाजीनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "अवं, गुरुजीचं भाषन कोनाच्या गयाखाली उतरून नाई राह्यलं. 'हे क्रूर नियते, हे निष्ठुर दैवा!' अशी कोनती माय रडते? तालमीत लोक जांभया देतेत. म्या म्हनलं, खरी माय कशी रडते ते दाखवतो. एकदाच दाखवलं."

"ते माह्या पोरीचं हाय."

"माही नव्हती का ते?"

"तुमची असती तं तुमी रडले असते!" सखू ओरडलीच. सव्वा वर्षाचं साठलेलं भडाभडा बाहेर पडलं. "घरात एक आसू नाई काढला तुमी. एक! मी येड्यावानी वाट पाहून राह्यली. इथं रडा ना माह्याजोळ. तिच्या नावानं रडा. तिथं लोकायले काय दाखवता?"

पुनाजीनं सुई कापडात खोचली. मग म्हणाला, "मानसाले असं येत नाई वं." अन् तिचा चेहरा पाहून घाईनं पुढं म्हणाला, "बरं, राह्यलं. गुलाबची आन. ते शब्द तिथं तोंडातून काढनार नाई."

गुलाबची आन! जित्या पोराची शपथ मोडली तर त्याला काही होईल म्हणून माणूस भितो. गुलाब तर मेलेलीच होती. तिचं आणखी काय बिघडणार होतं? पण सखूला तेव्हा हे सुचलं नाही. तिचा विश्वास बसला. इतका बसला, की चार दिवसांनी त्यानं नाटकासाठी तिचं निळं लुगडं मागितलं तेव्हा तिनं ते धुऊन, घडी करून त्याच्या हातात दिलं.

नाटक ठरलं कार्तिकात, देवळातल्या काल्याच्या दिवशी. अध्यक्ष म्हणून तालुक्याचे एक मोठे साहेब यायचे होते. त्यांना दिवस मावळायच्या आत परतायचं होतं, म्हणून पडदा उघडला दुपारी तीनला. लख्ख ऊन. तोंडाला फासलेला सफेदा घामानं गळ्यापर्यंत ओघळत होता, रंगवलेल्या दाराखिडक्यांचा पुठ्ठा उघडा पडला होता, पण उत्साह म्हणाल तर देवळाच्या अंगणात मावत नव्हता. आजूबाजूच्या चार गावांची माणसं आली होती. सखूला बायांत पुढची जागा मिळाली, माउलीची घरवाली म्हणून.

पहिल्या अंकात दारुड्या पाटलाचं काम करणारा बाबाराव दुकानदार आला. त्याच्या गळ्यात शिंप्याचं माप लोंबत होतं.

"अवं, हा तं पाटील होता ना?" यशोदाबाई सखूच्या कानाशी लागली. "शिंपी कवा झाला?"

सखूच्या ध्यानात आलं. एका ओळीसाठी गुरुजींनी नाटकातल्या बापाचा धंदा बदलला होता. म्हणजे सारं आधीच ठरलं होतं. आन घेतली तेव्हाही ठरलेलंच होतं की काय, देव जाणे. तरी ती बसून राहिली. माणूस शेवटपर्यंत आशा सोडत नाही, हीच तर माणसाची खोड.

तिसरा अंक लागला. कमळी म्हणून देशमुखांची चार वर्षांची नात चटईवर निजवली होती. पुनाजी सखूचं निळं लुगडं नेसून आला, तिच्यासारखाच डोक्यावर पदर, तिच्यासारखाच कमरेत थोडा वाकलेला. "हे क्रूर नियते!" त्यानं सुरू केलं. माणसं चुळबुळली. मागचे दोघेतिघे उठून तंबाखू झटकायला गेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुनाजीनंही साहेबांना घड्याळ पाहताना पाहिलं. तो थांबला. मग पोरीजवळ मटकन खाली बसला अन् त्यानं हेल धरला.

"उठ वं माह्या गुलाब, ऊन आंगनात आलं…"

गुलाब! कमळी नाही, गुलाब म्हणाला तो. "साऱ्या गावाचे कपडे शिवले तुह्या बापानं," इथं त्याचा आवाज फाटला, अन् बाहीवर येताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंडावरच्या सफेद्यातून दोन ओहोळ उतरले. सारं अंगण हुंदके देत होतं. आणि सखू? तिला राग यायला हवा होता. आन मोडली, लाज वेशीला टांगली. पण तिला दिसत होतं ते एवढंच, की हा रडला. बाप रडला. गुलाबचं नाव घेऊन रडला. कुठं का असेना! ती उठून उभी राहिली, बायांमधून वाट काढत रंगमंचाच्या फळ्यांपर्यंत गेली. तिचेही डोळे वाहत होते, अन् तिला त्याचा हात धरायचा होता. चला घरी, म्हणायचं होतं. आता आपण दोघं रडू.

तेवढ्यात साहेब बोट वर करून ओरडले, "वन्स मोअर!"

बोरखेडीत हे कुणी ऐकलं नव्हतं. गुरुजींनी मात्र नागपुरात नाटकं पाहिली होती. ते पडद्याआडून धावत आले, "पुन्हा म्हण, पुनाजी! पुन्हा म्हणायचं असतं! मोठा मान आहे हा!" अन् हळू आवाजात, पण पुढं उभ्या सखूला ऐकू जाईल असं म्हणाले, "अन् नाव कमळी आहे रे, कमळी!"

पुनाजीनं मान हलवली. पदरानं डोळे पुसले, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. कमळी उठून बसली होती, पाय खाजवत होती. तिला तो म्हणाला, "नीज वं बाई, अजून एकदा मरायचं हाय." माणसं खदखदून हसली. मग तो आत गेला, पुन्हा आला, पुन्हा मटकन बसला.

"उठ वं माह्या कमळे, ऊन आंगनात आलं…"

पुन्हा त्याच जागी आवाज फाटला. पुन्हा बाहीवर घळाघळा पाणी. तेवढंच, तसंच. सखू फळ्यांना धरून उभी होती, अन् मागून बाया ओरडत होत्या, "अवं सखू, खाली बस ना! दिसून नाई राह्यलं!"

साहेबांनी पुनाजीच्या छातीवर, म्हणजे सखूच्या लुगड्यावर, चांदीचा बिल्ला लावला.

घरी आल्यावर त्यानं लुगडं काढून खाटेवर टाकलं. सखू म्हणाली, "आन घेतली होती तुमी."

"अवं, साहेब उठून चालला होता. चार गावं पाहून राह्यली होती. काय करू?"

"रडले ते खरं होतं का?"

पुनाजी खोटारडा असता तर बरं झालं असतं. तो मेला खरं बोलला. जरा विचार करून म्हणाला, "पह्यल्या खेपेले खरं होतं."

"अन् दुसऱ्या खेपेले?"

"दुसऱ्या खेपेले जास्त चांगलं झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

सखू त्याच्याशी पुढं कामापुरतंच बोलली. त्याला फुरसतही नव्हती म्हणा. 'माउलीचा टाहो'ला बोलावणी यायला लागली. आर्वीच्या कापसाच्या जिनात प्रयोग झाला, थेट जामच्या नाक्यापर्यंत मंडळ जाऊन आलं. जिथं जाईल तिथं वन्स मोअर. एके ठिकाणी कमळी चारदा मेली, असं गुरुजी अभिमानानं सांगायचे. गावात पोरी भातुकली खेळताना बाहुली निजवायच्या अन् 'एक बाही राह्यली वं माय' म्हणून गळा काढायच्या, मग टाळ्या पिटायच्या. विहिरीवर कुणाची बादली निसटली तरी कुणीतरी म्हणायचं, "उठ वं माह्या बादले," अन् सगळ्या हसायच्या. सखू आली की गप्प व्हायच्या. गप्प होणं जास्त वाईट होतं.

आधी ती दुपारी एकटी असली की गुलाबशी बोलून रडायची. ते आता बंद झालं. तोंड उघडलं की स्वतःच्याच कानांना तो पुनाजीचा आवाज वाटायचा.

पुढच्या जेठात सखूची आई गेली. धुरपताबाई हिवरखेडला राहायची, बैलगाडीनं दोन तासांची वाट. ऐन दुपारी निरोप आला. सखू गाडीत बसली, पुनाजी बसला. वाटभर सखूच्या मनात आई होती. गुलाब गेली तेव्हा नाल्याला कमरेएवढं पाणी असताना हीच म्हातारी लुगडं खोचून चालत आली होती. जावयाला काही बोलली नाही, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन दोन रात्री बसली. सखूच्या पोटात शब्द गोळा व्हायला लागले. आईला सांगायचं होतं, तू पाण्यातून आली, अन् मी छकड्यात बसून आली. सांगायचं होतं, माहं रडनं गेलं वं, कोनी नेलं ते सांगू का तुले.

माहेरी कुणी गेलं की लेकीनं वेशीपासून गळा काढत यायचं, ही रीत. सारं गाव तेवढ्यासाठी कान लावून असतं. वेशीवर गाडी थांबली, सखू उतरली अन् तिच्या पोटातून आवाज निघाला.

"उठ वं माह्या माय, तुही लेक वेशीत आली…"

सगळ्याच बाया 'उठ वं' म्हणून रडतात. हेलही तिचाच होता, जन्मापासूनचा. पण हिवरखेडला फाल्गुनात प्रयोग झाला होता. ओट्यावरची एक पोर टुणकन उभी राहिली, "अवं, हे तं नाटकातलं!" आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पण आईच्या स्वतःच्या तोंडावर हसू येऊन गेलं, ते सखूला दिसलं. समोरच्या ओट्यावर एक म्हातारा बिडी विझवून, मांडी घालून नीट बसला. ऐकायला.

सखूचा आवाज तिथंच तुटला. पुन्हा काढू म्हटलं तर निघेना. ती तशीच मुकाट्यानं गल्लीतून चालत गेली. मागं लोक बोलायला लागले, "लेक रडून नाई राह्यली वं."

अंगणात आईला निजवलं होतं. बाया दोन्ही बाजूंनी बसल्या होत्या. सखू पायाशी बसली, पाय हातात धरले. थंड पडलेले. पोटातलं तोंडात येत नव्हतं. सीताबाई मावशीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "रड ना वं! एकलती एक लेक तू. लोक काय म्हनतीन?"

सखूनं तोंड उघडलं. मिटलं.

तेव्हा मागून, अगदी हळू, पुनाजीचा आवाज आला. तालमीत कुणी अडलं की पुढचा शब्द सुचवावा तसा, "'कोनाच्या भरोशावर'… म्हन, 'कोनाच्या भरोशावर मले ठेवलं'…"

सखूनं वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर खरीच काळजी होती, बायको अडली म्हणून. वाईट मनानं नव्हता सांगत. तेच तर तिच्या जिव्हारी लागलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमीच रडा. तुमाले चांगलं येते."

त्याला लाज वाटावी म्हणून म्हणाली. वर्मी लागावं म्हणून. पण पुनाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. अंगण भरलेलं, ओटा भरलेला, कुडावरून माणसं डोकावत होती, अन् सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्यानं खांद्यावरचा शेला डोक्यावर ओढला, सासूच्या उशाशी मटकन बसला अन् हेल धरला.

"उठ वं माह्या माय, ऊन आंगनात आलं,
साऱ्या गावाले भाकर वाढली तुह्या हातानं,
तुह्या ताटात कोरका राह्यला वं माय!"

भाकरीचं त्यानं तिथल्या तिथं जुळवलं. आवाज फाटायचा तिथं फाटला, पाणी यायचं तिथं आलं. बाया ऊर बडवायला लागल्या. कुडावरचे बापेसुद्धा डोळे पुसायला लागले. वन्स मोअर तेवढं कुणी म्हटलं नाही. सखू आईचे पाय धरून कोरड्या डोळ्यांनी बसली होती, अन् आईला सांगायचं ते सारं तिच्या पोटातच राहिलं.

रडणं ओसरलं. सीताबाई मावशीनं पदरानं नाक पुसलं, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला अन् सखूकडं पाहिलं.

"परका मानूस जीव तोडून रडून राह्यला, अन् पोटची लेक दगडावानी बसली," ती म्हणाली. "शीक वं काही त्याच्यापासून."